नाडी, मज्जातंतु आणि भाषांतर

शिगेहिसा कुरियामा यांचा ‘द एक्स्प्रेसिव्हनेस ऑफ द बॉडी’ हा ग्रंथ १९९९ सालीं न्यूयॉर्कच्या झोन बुक्स या संस्थेनें प्रसिद्ध केला. ग्रीक व चिनी या दोन वैद्यकांचे मार्ग एकमेकांपासून कसे व कां दुरावले, हा त्याचा विषय. ग्रंथास आतां पंचवीसांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. तेव्हां नव्या पुस्तकाची ओळख करून द्यावी या हेतूनें आम्ही त्याकडे वळलों नाहीं. वळण्याचें कारण निराळें आहे. चिनी वैद्याचें निदान म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचेंच प्राचीन भाषेंतील वर्णन होय, हें मत अलीकडे इतकें रूढ होऊं लागलें आहे कीं, त्याची परीक्षा करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. यांग म्हणजे अनुकंपी मज्जातंतु, यिन म्हणजे परानुकंपी, आणि दोहोंचा तोल म्हणजे आरोग्य, झालें समीकरण! चिनी वैद्यकाच्या चाहत्यांस तें आवडतें, कारण त्यामुळें त्यांच्या शास्त्रावर प्रयोगशाळेची मुद्रा उठते. पाश्चात्य वैद्यकाच्या उदारमनस्क उपासकांसहि तें आवडतें, कारण त्यांस नवें असें कांहींच शिकावें लागत नाहीं. कुरियामांनीं हें समीकरण खोडून काढण्यासाठीं लेखणी उचललेली नाहीं. परंतु त्यांचा ग्रंथ लक्षपूर्वक वाचल्यावर तें पूर्वीइतक्या सहजतेनें तोंडांतून निघेनासें होतें, आणि हाच त्या ग्रंथाचा आमच्या दृष्टीनें मोठा गुण होय.

समीकरण चुकीचें आहे असें आमचें मत असलें, तरी तें मूर्खपणाचें आहे असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तें कां सुचावें हें समजून घेणें न्यायाचें होईल. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचें आकुंचन, घाम, लाळ, आंतड्यांची हालचाल, डोळ्यांतील बाहुलीचें लहानमोठें होणें, हीं सर्व कामें आपल्या इच्छेची वाट न पाहतां चालतात. हीं चालविणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास केंब्रिजच्या लँग्लीनें १८९८ मध्यें ‘स्वायत्त’ असें नांव दिलें. आतां चिनी वैद्य रोग्यापुढें बसून काय करतो तें पाहावें. तो रोग्याकडे पाहतो, त्याचा आवाज ऐकतो व गंध घेतो, त्यास प्रश्न विचारतो आणि शेवटीं नाडी धरतो. सतराव्या शतकांतील चांग च्येपिन या वैद्यानें रोग्यास विचारावयाच्या दहा गोष्टींचा क्रम लावून दिला आहे. त्यांत पहिला प्रश्न थंडी वाजते कीं उष्मा होतो हा, दुसरा घामाचा, आणि पुढें मलमूत्र, अन्न, छाती, तहान यांची चौकशी. जीभ पाहतांना ती ओली कीं सुकी, फिकट कीं लाल, हें पाहावयाचें. मनगटावर तीन बोटें ठेवून नाडी मंद कीं द्रुत, मऊ कीं ताठ, हें जाणावयाचें. आजच्या शरीरशास्त्रज्ञापुढें ही सर्व यादी ठेवली तर तो तत्काळ म्हणेल कीं, यांतील बहुतेक प्रत्येक गोष्ट स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यांतील आहे. नाडीचेंच घ्या. व्हेगस मज्जातंतूस चेतवलें असतां हृदय मंदावतें हें वेबर बंधूंनीं १८४५ मध्यें दाखवून दिलें. आणि चिनी वैद्य जिला तंतुवाद्याच्या ताणलेल्या तारेची उपमा देतात त्या नाडीचा ताठरपणा हा रक्तवाहिनीच्या भिंतीवरील ताणाशीं संबद्ध असला पाहिजे, हें सामान्य वाचकासहि पटेल. तात्पर्य, चिनी वैद्यानें दोन हजार वर्षें ज्या दारांशीं कान लावला, त्याच दारांमागें लँग्लीची संस्था वसत होती. दार एकच आहे, एवढें आम्ही मुक्तकंठानें मान्य करतों.

परंतु दार एक म्हणून आंतील घरहि एक, असें कसें म्हणावें? समीकरण मांडणाऱ्यांनीं एक साधा पडताळा घेतला असता तरी पुरें झालें असतें. ज्यास चिनी वैद्य ‘यांग क्षीण’ म्हणतात त्या रोग्याचीं लक्षणें कोणतीं? हातपाय गार, चेहरा फिकट, जीभ फिकट व सुजट, नाडी खोल व मंद, आणि दिवसां कांहीं श्रम न करितां आपोआप सुटणारा घाम. आतां यांग म्हणजे अनुकंपी मज्जातंतु हें गृहीत धरा. अनुकंपी तंतु क्षीण झाले, तर त्वचेखालच्या वाहिन्या सैल पडून हातपाय ऊन व्हावयास पाहिजेत. गार होतात ते हे तंतु जोरांत असतांना. घामाचेंहि तसेंच. घर्मग्रंथींस चेतना मिळते ती अनुकंपी तंतूंकडूनच. ते क्षीण झाले तर त्वचा कोरडी पडावी, ओली नव्हे. म्हणजे या रोग्याची नाडी समीकरणाच्या बाजूनें साक्ष देते, आणि त्याचे हातपाय व घाम त्याच्या उलट बाजूनें! दोन भाषांतील दोन शब्द समानार्थी आहेत असें म्हणावें आणि पहिलेंच वाक्य भाषांतरितां अर्थ उलटा व्हावा, अशांतला हा प्रकार झाला. कोणी चतुर पुरुष म्हणेल कीं, मग यांग म्हणजे परानुकंपी धरा. तसें धरल्यास नाडी रुसते. जें शास्त्र घामास उष्णतेच्या व रक्षणाच्या हिशेबांत धरतें आणि जें शास्त्र त्यास मज्जातंतूंच्या टोकाशीं होणाऱ्या रासायनिक स्रावाच्या हिशेबांत धरतें, त्यांचे हिशेब एका वहींत लिहितां येणार नाहींत.

शिवाय या समीकरणानें खुद्द मज्जासंस्थेवरहि अन्याय होतो. दोन पारड्यांचा तराजू हें चित्र फार सुबक आहे. परंतु शरीर त्याप्रमाणें वागत नाहीं. दोन्ही शाखा पुष्कळदां एकदमच कामास लागतात, कांहीं अवयवांस दोहोंपैकीं एकाच शाखेची चेतना असते, आणि आंतड्यांत तर स्वतःचें असें तिसरेंच जाळें आहे, जें लँग्लीनें स्वतः वेगळें मोजलें होतें. तराजू चिनी शास्त्रासहि लागू पडत नाहीं. यिन व यांग या कांहीं दोन वस्तु नव्हेत. एकाच वस्तूच्या एकमेकींच्या अपेक्षेनें ठरणाऱ्या बाजू आहेत. पोट पाठीच्या मानानें यिन, तर तेंच अन्य कशाच्या मानानें यांग. असा सापेक्ष शब्द एका ठराविक तंतूच्या गळ्यांत बांधणें म्हणजे ‘डावीकडे’ हें एखाद्या गांवाचें नांव आहे असें समजण्यासारखें होय.

असें भाषांतर कां फसतें, याचें उत्तर कुरियामांच्या ग्रंथांत आहे, आणि तें त्यांनीं मोठ्या रसिकतेनें शोधलें आहे. आरंभींच ते दोन चित्रें समोर ठेवतात. एक हुआ शोउ या चिनी वैद्याच्या १३४१ मधील ग्रंथांतलें, दुसरें व्हेसालियसच्या १५४३ मधील ग्रंथांतलें. एकांत माणसाच्या अंगावरून जाणारे मार्ग व त्यांवरील बिंदु आहेत, पण स्नायूंचा पत्ता नाहीं. दुसऱ्यांत स्नायूंची रेलचेल आहे, पण त्या मार्गांची व बिंदूंची खूण नाहीं. शरीर एकच, डोळेहि माणसाचेच. मग हा भेद कोठून आला? ग्रंथाचे तीन भाग, प्रत्येकांत दोन प्रकरणें: स्पर्श, दृष्टि व अस्तित्व अशी त्यांची वाट आहे. आमच्या मतें पहिला भाग सर्वांत सरस आणि शेवटला कांहींसा विसविशीत. पहिल्या भागांत नाडी आहे. एकाच मनगटावर बोट ठेवून ग्रीक वैद्यास धमनीचें स्पंदन लागलें आणि चिनी वैद्यास त्या स्पंदनांत वाहणारें, कोठें अडणारें, कोठें निसरडें असें कांहीं लागलें. त्यांनीं एकच गोष्ट निराळ्या नांवांनीं ओळखली असें नव्हे. बोटास लागलें तेंच निराळें, कारण त्यांचें बोट शोधीत होतें तेंच निराळें, असा कुरियामांचा सिद्धांत आहे.

येथें एक गमतीची गोष्ट आम्ही वाचकांपुढें ठेवतों. गालेननें नाडीची लांबी, रुंदी व उंची घेऊन प्रत्येकीच्या तीन पायऱ्या पाडल्या आणि गुणाकारानें नाडीचे सत्तावीस प्रकार मोजले. ली शिझेन या चिनी पंडितानें १५६४ मधील आपल्या नाडीग्रंथांत जे प्रकार सांगितले तेहि सत्तावीसच. संख्या जुळली म्हणून कोणी हुरळून जाईल. परंतु एकाचे सत्तावीस भूमितीनें पाडलेले आहेत आणि दुसऱ्याचे उपमांनीं. गालेनच्या मांडणींत दोन प्रकारांमधील अंतर मापतां येईल अशी निदान आशा आहे. ली शिझेनच्या यादींत निसरडी, खरबरीत, तरंगणारी, बुडालेली अशीं विशेषणें आहेत, आणि तीं शिकावयाचीं तर गुरूच्या शेजारीं बसून बोटानेंच शिकलीं पाहिजेत. पुढें युरोपीय वैद्य घड्याळ काढून ठोके मोजूं लागला व बाकीची नाडी त्यानें सोडून दिली. इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरनें १७०७ मध्यें नाडीच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला, आणि मौज अशी कीं चिनी नाडीशास्त्राचें त्यास मोठें कौतुक होतें. चिनी शब्द संदिग्ध आहेत अशी जी तक्रार पाश्चात्य वाचक करीत आले, तिचें कुरियामांनीं केलेलें विवरण साहित्याच्या अभ्यासकांनीं अवश्य वाचावें. उपमा ही अस्पष्ट विचाराची खूण कीं सूक्ष्म स्पर्शाची, हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाहीं.

आमच्या विषयास अधिक जवळचें असें त्यांचें विवेचन स्नायूंविषयीं आहे. ग्रीकांस स्नायूंचें इतकें वेड कां? तर स्नायु हें इच्छेचें साधन. मी हात उचलतों तेव्हां तो उचलणारा मी आहें, हा अभिमान स्नायूंत वास करतो. हृदय धडधडतें किंवा अन्न पचतें तें मात्र आपोआप. इच्छेनें चालणारें व आपोआप चालणारें, अशी शरीराची जी फाळणी तेथें झाली, तिचाच वारसा लँग्लीच्या ‘स्वायत्त’ या नांवांत आला आहे. हें शेवटलें अनुमान आमचें आहे. ग्रंथकारांनीं तें या शब्दांत मांडलेलें नाहीं. पण तें मांडल्यावांचून राहवत नाहीं. स्वायत्त म्हणजे काय? इच्छेच्या राज्याबाहेर आपल्याच कायद्यानें चालणारा मुलूख. ज्यांनीं इच्छेचें राज्य आंखलें नाहीं, त्यांस त्याच्या बाहेरचा मुलूख तरी कोठून दिसावा? चिनी वैद्यकांत मनाच्या पांच शक्ति पांच अवयवांत ठेविलेल्या आहेत, आणि त्यांत जिला संकल्पशक्ति म्हणतां येईल ती मूत्रपिंडांत आहे. राग यकृताचा, चिंतन प्लीहेचें. जेथें खुद्द इच्छाच मूत्रपिंडांत राहते, तेथें मूत्रपिंडाचें काम इच्छेबाहेरचें आहे असें म्हणणें म्हणजे घरधन्यास त्याच्याच घरांत उपरा ठरविणें होय.

भाषांतराचा हा फेरा उलट दिशेनेंहि एकदां झालेला आहे. १७७४ मध्यें जपानांत सुगिता गेनपाकु व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका डच शारीरग्रंथाचें ‘काइताइ शिन्शो’ या नांवानें भाषांतर केलें, तेव्हां मज्जातंतूस शब्दच नव्हता. त्यांनीं तो घडविला: ‘शिन्’ म्हणजे चैतन्य, आणि ‘केइ’ म्हणजे चिनी वैद्यकांतला तोच मार्ग, जो हुआ शोउच्या चित्रांत अंगावरून जातो. हाच शब्द पुढें चीनमध्यें गेला व आज सर्व चिनी वैद्यकविद्यालयांत मज्जातंतूस तोच शब्द आहे. म्हणजे मार्ग हे वास्तविक मज्जातंतूच होते असें जो आज शोधून काढतो, तो पुष्कळ अंशीं अडीचशें वर्षांपूर्वींच्या भाषांतरकारानें स्वतः पुरून ठेवलेलें धन उकरून काढीत असतो!

अशा धनाचा मोह आपल्याकडेहि कांहीं कमी नाहीं. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनीं १९२७ मध्यें इंग्रजींत ग्रंथ लिहून कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतु होय असें प्रतिपादन केलें. ग्रंथास प्रस्तावना तंत्रशास्त्राचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांची; आणि कुंडलिनी ही कोणतीहि मज्जातंतु नव्हे असें आपलें मत वुड्रॉफसाहेबांनीं त्या प्रस्तावनेंतच नमूद केलें. मूळ सिद्धांतास नकार देणारी प्रस्तावना ग्रंथाच्या तोंडीं छापणाऱ्या रेळ्यांच्या दिलदारपणाचें आम्हांस कौतुक वाटतें. सिद्धांताचें वाटत नाहीं. तो आणि यिन-यांगाचें समीकरण एकाच मातीचे आहेत. दोहोंच्या मुळाशीं परक्या शास्त्राच्या दरबारीं आपल्या शास्त्रास खुर्ची मिळावी ही इच्छा आहे. आणि ती खुर्ची मिळते ती स्वतःचें नांव बाहेर ठेवूनच.

आतां ग्रंथांतील उणें. तुलना दोनच पक्षांची असल्यामुळें ती फार रेखीव झाली आहे. आपल्याकडे चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाहीं. शार्ङ्गधरानें मात्र ती दिली, आणि सापाची, बेडकाची, हंसाची गति सांगून दिली. ही ना भूमिति, ना वाहता प्रवाह. चालणाऱ्या प्राण्यांची ही नाडी कुरियामांच्या दोन रकान्यांपैकीं कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. तिसरा साक्षीदार बोलावला असता तर ‘ग्रीकांनीं असें पाहिलें, चिन्यांनीं तसें’ ही त्यांची लय जागोजाग मोडली असती, व आमच्या मतें ती मोडणें इष्ट होतें.

दुसरें उणें याहून मोठें आहे. बोटास काय लागलें याची मीमांसा ग्रंथकार इतकी सुंदर करतात, पण जें लागलें तें खरें होतें काय हा प्रश्न ते उंबऱ्याबाहेर ठेवतात. इतिहासकारास ती सवलत असेल, रोग्यास नाहीं. चिनी वैद्यकाचें आजचें पाठ्यपुस्तकी रूप बव्हंशीं १९५० नंतरच्या दशकांत घडविलें गेलें. १९५६ मध्यें बीजिंग, शांघाय, क्वांगचौ व चेंगतू येथें सरकारी विद्यालयें निघालीं आणि लक्षणसमूहावरून निदान करण्याची पद्धति त्यांत एकसूत्री झाली. इतकें होऊनहि २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत तीन वैद्यांनीं संधिवाताच्या त्याच चाळीस रोग्यांस तपासलें, तेव्हां त्यांच्या निदानांतील एकवाक्यता सरासरीनें तृतीयांशाच्याहि आंतच राहिली. हें कळल्यावर उपमांचें सौंदर्य जरा फिकें पडतें. याच्या उलट, हार्वर्डमधील संशोधकांनीं २०२१ मध्यें ‘नेचर’ या पत्रांत दाखविलें कीं, उंदराच्या मागच्या पायांतील एका जुन्या प्रसिद्ध बिंदूवर विजेची सुई लावली असतां व्हेगसच्या द्वारें वृक्काजवळच्या ग्रंथी जाग्या होतात व दाह कमी होतो. पोटावरच्या बिंदूनें तितक्याच सौम्य विजेंत तसें होत नाहीं. हा शोध पक्का आहे व मोलाचा आहे. परंतु तो सुईविषयींचा आहे, निदानाविषयींचा नव्हे. ‘यांग क्षीण आहे’ हें वाक्य त्यामुळें खरें ठरत नाहीं, खोटेंहि ठरत नाहीं. उपचाराची पावती निदानाच्या खात्यांत जमा करण्याची लबाडी समीकरणवादी नेहमीं करतात, म्हणून हें स्पष्ट केलें पाहिजे.

आणि रोग्याचें काय होतें? छाती धडधडते, झोंप नाहीं, हात गार, पोट बिघडलेलें. रक्त तपासलें, हृदयाचा आलेख काढला, सर्व ठीक. अशा मनुष्यास पाश्चात्य वैद्याजवळ देण्यासारखें नांव नसतें, चिनी वैद्याजवळ असतें. म्हणून दोहोंच्या मध्यें एक उसनें नांव उभें राहतें. एके काळीं चीनमध्यें तें ‘मज्जादौर्बल्य’ होतें, १८६९ मध्यें अमेरिकेंत बिअर्डनें चालू केलेलें. आर्थर क्लाइनमन यांनीं १९८० मध्यें छांगशा येथें हें निदान झालेले शंभर रोगी तपासले, त्यांपैकीं सत्त्याऐंशीं जण त्यांच्या मतें तीव्र विषण्णतेनें ग्रस्त होते. म्हणून ‘मज्जादौर्बल्य’ हा शब्द निव्वळ खोटा होता काय? क्लाइनमन तसें म्हणत नाहींत. ज्या काळांत मनाची व्यथा उघड सांगणें धोक्याचें होतें, त्या काळांत डोकेंदुखी व निद्रानाश सांगतां येत होता, आणि त्या शब्दाच्या आडोशास माणसांनीं आसरा घेतला. आज ‘स्वायत्त संस्थेचा असमतोल’ हा शब्द तोच आडोसा पुरवूं पाहतो. आडोशाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. पण आडोशास निदान म्हटलें कीं वैद्य पुढें विचारावयाचा थांबतो. तो दहा प्रश्नांपैकीं एकहि विचारीत नाहीं, आणि रोग्याच्या घरीं काय घडलें हा अकरावाहि विचारीत नाहीं.

कुरियामांचा हा ग्रंथ कोणीतरी मराठींत आणावा अशी आमची फार इच्छा आहे. भाषांतरकारानें मात्र पहिल्याच भागांत सावध असावें. इंग्रजी ‘मसल्’ला आपण स्नायु म्हणतों, सुश्रुताचे नऊशें स्नायु म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध, आणि बंगाली माणसास स्नायु म्हटलें कीं तो मज्जातंतु समजतो. ज्या ग्रीक शब्दावरून युरोपीय भाषांत मज्जातंतूचें नांव आलें, त्याचाहि अर्थ अलेक्झांड्रियाच्या वैद्यांनीं शवें उघडून भेद करीपर्यंत शिर, कंडरा किंवा धनुष्याची दोरी असाच होता.